इरावती कर्वे यांचा बर्लिन येथील प्रबंध आणि गोदाखोऱ्यातील अस्थिसंशोधन

१

इ. स. १८६५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील वाइन यांना पैठणजवळच्या मुंगी येथे गोदावरीच्या जुन्या वाळूगोट्यांच्या थरात अकीकाचा एक छिलका मिळाला. त्याच थरात प्राण्यांच्या अश्मीभूत अस्थी होत्या. दोनच वर्षांपूर्वी, म्हणजे १८६३ मध्ये, रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे पुराश्मयुगीन हत्यार ओळखले होते व भारतातील प्रागितिहासाच्या अभ्यासास आरंभ करून दिला होता. वाइन यांच्या छिलक्याविषयी सर्वेक्षण खात्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ मध्ये टिपण प्रसिद्ध केले. पुढे १९०५ च्या सुमारास पिलग्रिम यांनी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथील गोदावरीच्या गाळात मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांचे वर्णन केले. याचा अर्थ असा की, ज्या नदीच्या काठी सातवाहनांची राजधानी वसली, त्या नदीच्या थरांत मनुष्याचा हात आणि लुप्त प्राण्यांची हाडे एकत्र सापडतात, ही गोष्ट सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच जगास ठाऊक झाली होती.

परंतु तिचा पाठपुरावा करणारा विद्यार्थी या भूमीत निर्माण होण्यास दीर्घ काळ जावा लागला. औरंगाबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. राज्यातील पहिले विद्यापीठ हैदराबादेस १९१८ मध्ये निघाले आणि मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास २३ ऑगस्ट १९५८ हा दिवस उजाडावा लागला. मुंबई इलाख्यातही मानवी अस्थींचे शास्त्र पद्धतशीर शिकण्याची सोय विशीच्या दशकात नव्हती. हे शास्त्र शिकू इच्छिणाऱ्यास समुद्र ओलांडावा लागे.

तो ओलांडून गेलेल्या एका मराठी विद्यार्थिनीच्या शिक्षणाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. इरावती कर्वे हे नाव मराठी वाचकास 'युगान्त' या ग्रंथामुळे परिचित आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासकांस त्या आप्तसंबंधांच्या संशोधक म्हणून ठाऊक आहेत. त्यांची डॉक्टरेट मात्र मनुष्याच्या कवटीवर होती, आणि त्या प्रबंधात त्यांनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध होता. संशोधनास नुकताच आरंभ केलेला विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतो : गृहीतक सिद्ध न झाल्यास प्रबंध होतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इरावतीबाईंच्या विद्यार्थिदशेइतके बोधप्रद उदाहरण आपल्या भाषेच्या प्रांतात दुसरे क्वचितच सापडेल.

२

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या व्यवसायातील एका कंपनीत नोकरीस होते. कन्येस नाव मिळाले ते त्या देशाच्या महानदीवरून. सातव्या वर्षी त्यांस शिक्षणासाठी पुण्यास पाठविण्यात आले व हुजूरपागेच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री जडली आणि त्या योगाने रँग्लर परांजपे यांच्या घरात त्या वाढल्या. ग्रंथांनी भरलेले, निरीश्वरवादी, वादविवादाची भीती न बाळगणारे असे ते घर होते. या संस्काराचे मोल पुढे दिसून येणार होते.

फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या १९२६ मध्ये पदवीधर झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाल्यामुळे मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचे अध्ययन करणे त्यांस शक्य झाले. घुर्ये केंब्रिज येथे रिव्हर्स व त्यांच्यानंतर हॅडन यांच्यापाशी शिकून आले होते आणि १९२४ पासून मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची धुरा वाहत होते. जातिसंस्थेचा विचार करताना मानवमितीची, म्हणजे देहाच्या मापांची, दखल घेतलीच पाहिजे अशी त्या काळची समजूत होती. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून जातींची उच्चनीच उतरंड लावून दाखविण्याचा प्रयत्न केला होता. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्ले यांचे हे प्रमेय उत्तर हिंदुस्थानाच्या मर्यादित भागाबाहेर टिकत नाही असे प्रतिपादन केले. इरावतीबाई या वातावरणात तयार होत होत्या. त्यांचा १९२८ चा प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर होता. घाऱ्या डोळ्यांवरून व गोऱ्या वर्णावरून ज्यांच्या मूळस्थानाविषयी अनेक तर्क लढविले गेले, अशा स्वतःच्याच समाजाकडे पाहण्याचा हा प्रसंग होता. वंश म्हणजे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे येथूनच उभा राहिला असावा.

या सुमारास त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला होता. दिनकररावांनी जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविली होती आणि पत्नीनेही तेथे जावे असा त्यांचा आग्रह होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांस मात्र सुनेने परदेशी जाणे पसंत नव्हते, ही गोष्ट चरित्रकारांनी नमूद केली आहे. विचारवंतांच्या घरातही स्त्रीच्या शिक्षणास कोठेतरी कुंपण असते, हे या नोंदीवरून कळते. तथापि पतीने माघार घेतली नाही. डॉ. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ पैसा दिला आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाईंचे जर्मनीतील वास्तव्य सुरू झाले.

३

ज्या संस्थेत त्या दाखल झाल्या तिचे नाव 'मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था' असे होते. बर्लिनच्या डाहलेम भागात १९२७ मध्ये ती स्थापन झाली होती. संचालक ऑयगेन फिशर हे त्या काळी युरोपातील या विषयाचे सर्वांत वजनदार आचार्य गणले जात. जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतील वसाहतीत, आजच्या नामिबियात, रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या लोकांचा त्यांनी १९०८ मध्ये अभ्यास केला होता आणि त्यावरील ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम मनुष्याच्या वंशसंकरास लागू करून दाखविणारे म्हणून त्यांची कीर्ती होती. बाउर व लेन्ट्स यांच्या सहकार्याने १९२१ मध्ये निघालेला आनुवंशिकतेवरील त्यांचा ग्रंथ पाठ्यपुस्तकासारखा वाचला जाई. त्या ग्रंथात शास्त्र व पूर्वग्रह यांची सरमिसळ होती. परंतु १९२८ मध्ये ती ओळखणे आज वाटते तितके सोपे नव्हते, कारण सरमिसळ करणारे लोक कोणी भोंदू नव्हते. ते विद्यापीठांतील मान्यवर प्राध्यापक होते, आणि त्यांच्या हाती मापनाची उत्कृष्ट साधने होती.

बर्लिनच्या संग्रहांत जगाच्या कानाकोपऱ्यांतून आणलेल्या कवट्यांचा भरणा होता. त्यांपैकी पुष्कळ आफ्रिकेतील वसाहतींतून, तेथील लोकांच्या संमतीवाचून, कित्येकदा युद्ध आणि कत्तल यांच्या पाठोपाठ उचलून आणलेल्या होत्या. नैर्ऋत्य आफ्रिकेत १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो व नामा लोकांचा झालेला संहार सर्वश्रुत आहे. पारतंत्र्यातील एका देशातून आलेल्या विद्यार्थिनीच्या हाती दुसऱ्या पारतंत्र्यातील देशांच्या मृतांच्या कवट्या ठेवल्या जात होत्या, हे आज लक्षात घेतल्यावाचून तिच्या प्रबंधाचा विचार पुरा होत नाही.

४

प्रबंधाचा विषय होता मानवी कवटीतील स्वाभाविक असममिती. विषयाचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. नाकाच्या मुळापासून टाळूवरून मागील बाजूस जाणारी एक मध्यरेषा कल्पिली, तर कवटीचे उजवे व डावे अंग तंतोतंत सारखे भरत नाही. कपाळाचे हाड एका बाजूस किंचित पुढे आलेले असते, तर मागील हाडाचा फुगवटा बहुधा दुसऱ्या बाजूस अधिक असतो. हा फरक रोगामुळे किंवा दबावामुळे आलेला नसतो. निरोगी माणसाच्या कवटीतही तो आढळतो, म्हणून त्यास स्वाभाविक म्हणावयाचे.

फिशर यांची अपेक्षा अशी होती की, युरोपीय लोकांत मेंदूचा उजवा ललाटखंड अधिक वाढलेला असल्यामुळे त्यांच्या कवट्या अधिक असममित असाव्यात, इतर वंशांत ही गोष्ट आढळू नये, आणि युरोपीयांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीचे हे देहगत चिन्ह ठरावे. या विधानात तीन पायऱ्या एकीवर एक रचलेल्या आहेत. वंशावंशांत असममितीचे प्रमाण भिन्न आहे, ही पहिली. असममितीचे कारण ललाटखंडाची वाढ हे आहे, ही दुसरी. ती वाढ बुद्धीची निदर्शक आहे, ही तिसरी. पहिली पायरी निखळली की वरचा सारा डोलारा कोसळतो, आणि पहिली पायरी तपासता येण्याजोगी होती. ती तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

त्यांनी १४९ कवट्यांचे मापन केले. या कामात मोजणाऱ्याच्या सचोटीची कसोटी लागते. दोन अंगांतील अंतर पुष्कळदा मिलिमीटरांत असते. मापकाचे टोक निश्चित बिंदूपासून रेसभर सरकले तरी फरक निर्माण होतो किंवा नाहीसा होतो. जेथे फरक इतका बारीक, तेथे अपेक्षित उत्तराकडे बोट वळविण्याचा मोह तितकाच मोठा असतो. संचालक स्वतः उत्तर सांगून चुकलेले, परक्या देशातील वास्तव्य उसन्या पैशावर, भाषा शिकाऊ, आणि पदवी देणे-न देणे त्याच आचार्यांच्या हाती. अशा परिस्थितीत अनुकूल आकडे निवडून घेणे किंवा निदान निष्कर्षाची भाषा मोघम ठेवणे एखाद्यास सहज सुचले असते.

इरावतीबाईंनी तसे केले नाही. असममिती आहे, ती सर्वत्र आहे, आणि तिचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पदवी त्यांस १९३० मध्ये मिळाली. फिशर यांनी त्यांस उत्तीर्णतेची सर्वांत खालची श्रेणी दिली, असे त्यांच्या चरित्रावरून कळते. त्यांची नात ऊर्मिला देशपांडे व संशोधक थियागो पिंतो बार्बोसा यांनी 'इरू' या नावाने लिहिलेले हे इंग्रजी चरित्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि या जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या प्रबंधाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

उत्तरकालीन संशोधनाने या निष्कर्षास बळकटीच दिली आहे. मेंदूचा उजवा ललाटभाग व डावा पश्चभाग किंचित पुढे येणे ही प्रवृत्ती मानवजातीत सर्वत्र आढळते. निअँडरथल व त्यांच्याही पूर्वीच्या मानवांच्या कवट्यांच्या आतील ठशांवर तिच्या खुणा ओळखता येतात, आणि तिचे अंश वानरकुलातही दिसतात. म्हणजे ज्या लक्षणात फिशर एका वंशाचे श्रेष्ठत्व शोधीत होते, ते लक्षण उत्क्रांतीच्या वृक्षाच्या कितीतरी जुन्या फांदीवरून सर्वांकडे समान वारशाने आलेले आहे.

५

या प्रबंधानंतर त्या संस्थेचे काय झाले ते सांगितल्यावाचून त्याचे महत्त्व ध्यानात येणार नाही. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्याच वर्षी जुलै महिन्यात जर्मनीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा संमत झाला आणि संस्थेचे विद्वान त्याच्या अंमलबजावणीस साहाय्य करू लागले. फिशर यांच्यानंतर १९४२ मध्ये संचालकपदी आलेले फेर्शुअर हे योझेफ मेंगेले याचे गुरू होते. मेंगेले आउशविट्सच्या छळछावणीतून संस्थेकडे मानवी अवशेष व रक्ताचे नमुने पाठवीत असे, ही बाब पुराव्याने सिद्ध आहे.

डाहलेममधील संस्थेची वास्तू पुढे बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे गेली. तिच्या परिसरात २०१४ मध्ये बांधकामाच्या वेळी मानवी अस्थींचे तुकडे आढळले. त्यानंतर झालेल्या उत्खननांत सुमारे १६,००० तुकडे मिळाले. ते किमान ५४ व्यक्तींचे असल्याचे ठरले. ते कोणत्या वंशाचे, हे ठरविण्याचा प्रयत्न हेतुपुरस्सर टाळण्यात आला, कारण तसा प्रयत्न म्हणजे मारेकऱ्यांच्याच पद्धतीची पुनरावृत्ती झाली असती. २३ मार्च २०२३ रोजी या सर्व अस्थींचे डाहलेमच्या दफनभूमीत विधिपूर्वक दफन झाले. कवटी मोजणाऱ्या शास्त्राच्या इतिहासातील हा एक शांत पण गंभीर अध्याय होय.

६

इरावतीबाई मायदेशी परतल्या त्या वेळी त्यांच्या विद्येस योग्य असे स्थान येथे नव्हते. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे प्रशासकीय काम पाहिले. डेक्कन कॉलेजाचे १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुनरुज्जीवन झाले, तेव्हा समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्या तेथे आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. त्याच संस्थेत पुरातत्त्वाचे अध्यापक म्हणून डॉ. ह. धी. सांकलिया आले होते. उत्खनन करणारा आणि अस्थी जाणणारा असे दोघे विद्वान एका आवारात आले, हा योग महाराष्ट्रातील प्रागितिहासाच्या दृष्टीने मोलाचा ठरला.

गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात लांघणज येथे सांकलिया यांस सूक्ष्मास्त्रे वापरणाऱ्या लोकांची वस्ती सापडली होती. १९४४ च्या मोहिमेत इरावतीबाई त्यांच्यासह होत्या. तेथे हातपाय मुडपून पुरलेले मानवी सांगाडे मिळाले. या दोघांच्या नावाने १९४९ मध्ये 'अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट' या नियतकालिकात लेख प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. लांघणजच्या कवट्यांचे वर्णन करताना ईशान्य आफ्रिकेतील लोकांशी साम्य सुचविण्याची जुन्या वंशशास्त्राची परिभाषा या लेखनातही शिरली. बर्लिन येथे ज्या विद्यार्थिनीने वंश व कवटी यांच्यातील एक दुवा नाकारला, तिला पुढे चौदा-पंधरा वर्षांनी तीच परिभाषा हाताशी घ्यावी लागली. 'महाराष्ट्राची मानवमिती' या विषयावर वि. म. दांडेकर यांच्यासह १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापर्यंत, किंबहुना त्याच्याही पुढे, डोके व नाक यांची मापे घेण्याचे काम त्यांनी सोडले नाही. गुरूचे एक विधान खोडून काढणे आणि गुरूने दिलेले साधन टाकून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली धैर्याने साधते. दुसरीस नवे साधन उपलब्ध व्हावे लागते, आणि ते त्या पिढीस मिळाले नव्हते.

तथापि साधन तेच राहिले तरी प्रश्न बदलला, ही बाब तितकीच महत्त्वाची आहे. कोणता वंश श्रेष्ठ, हा फिशर यांचा प्रश्न. एकमेकांत विवाह करणाऱ्या लोकांचा गट कोणता व तो शेजारच्या गटाहून किती भिन्न, हा इरावतीबाईंचा प्रश्न. 'ब्राह्मण' किंवा 'मराठा' या नावाखाली एकच रक्तसंबंधी समूह आहे असे मानून चालू नये, विवाहाची सीमा जेथे पडते तो छोटा गट हाच अभ्यासाचा घटक धरावा, असे त्यांचे म्हणणे होते. कैलास मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला लेख समान सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना करतो. दर्जा एक असला तरी देह एक नाही, हे त्यातून निष्पन्न झाले. जातीचा दर्जा व देहाची घडण यांची गाठ रिस्ले यांनी मारली होती. ती सोडविण्याचे काम घुर्ये यांनी तर्काने आणि इरावतीबाईंनी मापांनी केले, असे म्हणण्यास हरकत नाही. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

७

आता पुन्हा गोदाखोऱ्याकडे वळू. प्रवरेच्या काठी, औरंगाबादहून नगरास जाणाऱ्या मार्गालगतच्या नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. मराठी संतसाहित्याच्या इतिहासात पूज्य असलेल्या या स्थळी पुराश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे थर एकाखाली एक मिळाले. तेथील नदीच्या थरांतील अकीक, जास्पर इत्यादी दगडांच्या छिलक्यांची हत्यारे इतकी वैशिष्ट्यपूर्ण ठरली की, त्या परंपरेस सांकलिया यांनी नेवासेचेच नाव दिले. मुंगीचा छिलका नव्वद वर्षे एकटा होता. त्यास नेवासे येथे गोत्र मिळाले.

ताम्रपाषाणयुगीन थरांत घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुले आढळली. दोन रांजणांची तोंडे एकमेकांस भिडवून त्यांत मुलाचे शव ठेवण्याची ती रीत होती. हीच रीत पुढे दायमाबाद व इनामगाव येथेही विपुल प्रमाणात दिसून आली. नेवासे उत्खननाचा बृहद्वृत्तांत १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मानवी सांगाड्यांचा अभ्यास जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील सोफी एहरहार्ट यांनी केला होता. लांघणजच्या अस्थींवरील १९६५ च्या अहवालातही केनेथ केनेडी यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे.

या एहरहार्टबाईंचा पूर्वेतिहास आज सर्वांस उपलब्ध आहे. १९३८ पासून त्या रॉबर्ट रिटर यांच्या वंशशुद्धिविषयक संशोधन-कचेरीत काम करीत होत्या. रोमा व सिंती लोकांची मापे घेणे व वंशावळी तयार करणे हे त्या कचेरीचे काम, आणि तिने तयार केलेल्या दाखल्यांचा उपयोग त्या लोकांस छळछावण्यांत धाडण्यासाठी झाला. ती कागदपत्रे युद्धानंतरही ट्यूबिंगेन येथे राहिली होती. १९८१ मध्ये सिंती समाजाच्या लोकांनी तेथील विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठिय्या देऊन ती राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वाधीन करविली.

नेवासेच्या बालकांची हाडे वाचणारी दृष्टी कोठे घडली होती, हे आपल्या ग्रंथांतून क्वचितच सांगितले जाते. ते सांगितले पाहिजे. त्यामुळे सांकलिया यांच्या थोरवीस उणेपणा येत नाही, कारण त्या वेळी ही माहिती उघड झालेली नव्हती आणि देशात अस्थितज्ज्ञ मोजकेच होते. तसेच त्या अहवालातील प्रत्येक माप खोटे ठरते असेही नाही. परंतु एकाच जर्मन परंपरेतून दोन विदुषी निघाल्या, दोघींच्या हाती तेच मापक होते, दोघींचा हात महाराष्ट्र-गुजरातच्या भूमीतील अस्थींस लागला, आणि दोघींच्या वाटा मात्र दोन दिशांस गेल्या, ही वस्तुस्थिती संशोधनपद्धतीच्या प्रत्येक अभ्यासकाने पुढ्यात ठेवण्याजोगी आहे. शास्त्राचे साधन मनुष्यास सज्जन करीत नाही आणि दुर्जनही करीत नाही. ते कोणत्या प्रश्नासाठी उचलले, आणि उत्तर प्रतिकूल आल्यास ते मान्य करण्याची तयारी होती काय, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

८

यानंतरच्या पिढीत प्रश्नाचे स्वरूप अधिकच पालटले. केनेडी यांनी वंशप्रकारांची जुनी वर्गवारी टाकून प्राचीन समूहांच्या जीवनमानाकडे लक्ष वळविले. इनामगाव येथील अस्थींवर जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी लिहिलेला खंड १९८६ मध्ये निघाला. दातांच्या लुकणावरील दोषांवरून बालपणीचे कुपोषण, झिजेवरून आहार, हाडांवरील खुणांवरून रोग व श्रम यांचा अंदाज घेण्याची ही पद्धती होय. दफनापूर्वी प्रौढांचे पाय घोट्याजवळ तोडण्याची चमत्कारिक रीतही इनामगावी अस्थींच्या परीक्षणातूनच स्पष्ट झाली. मृत कोणत्या वंशाचा, याऐवजी तो कसा जगला, काय खाऊन जगला व किती लवकर गेला, हे विचारले जाऊ लागले. दुष्काळाची परंपरा ज्या प्रदेशाच्या वाट्यास आली आहे, त्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यास हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

खुद्द मानवाच्या उत्क्रांतीविषयीचा भारतातील सर्वांत गाजलेला पुरावाही नदीच्या थरातूनच आला. ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांस नर्मदेच्या काठी हथनोरा येथे प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. त्याचे वर्गीकरण प्रथम एका जातीत झाले, पुढे त्यावर मतभेद झाले आणि वाद अद्याप मिटलेला नाही. गोदावरीच्या थरांत प्राण्यांची हाडे व मानवाची हत्यारे मिळाली आहेत. त्या काळच्या मानवाची अस्थी तेथे मिळेल किंवा मिळणार नाही. परंतु शोधणाऱ्याने दोन्ही शक्यता सारख्याच प्रामाणिकपणे बाळगल्या पाहिजेत.

आपल्या विद्यापीठाच्या परिसरातही अशा कामाची परंपरा अगदीच नवी नाही. भोकरदन येथील उत्खनन नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केले आणि त्याचा वृत्तांत शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी १९७४ मध्ये सिद्ध केला. विद्यार्थ्यास आता बर्लिनला जाण्यासाठी कोणाकडून कर्ज घेण्याची गरज उरलेली नाही. पैठण, नेवासे, दायमाबाद ही स्थळे एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अस्थींचे शास्त्र शिकता येते.

राहिला तो आरंभीचा प्रश्न : गृहीतक सिद्ध न झाल्यास प्रबंध होतो काय? १९३० मध्ये एका मराठी विद्यार्थिनीने १४९ कवट्या मोजून 'फरक नाही' असे लिहिले. त्यास सर्वांत खालची श्रेणी मिळाली. त्याच संस्थेतून त्या काळी 'फरक आहे' असे सांगणारे जे लेखन बाहेर पडले, त्याचे नाव आज शास्त्राच्या इतिहासात लांच्छन म्हणून घेतले जाते. इरावतीबाईंचे वाक्य मात्र जसेच्या तसे उभे आहे. प्रबंध होतो. फक्त तो लिहिणाऱ्याने आकड्यांस आपल्या मनाजोगे बोलावयास लावता कामा नये, आणि तो वाचणाऱ्या मार्गदर्शकाने प्रतिकूल निष्कर्ष आणणाऱ्या विद्यार्थ्यास खालच्या श्रेणीत बसविता कामा नये. या दोहोंपैकी दुसरी जबाबदारी आमच्यासारख्या अध्यापकांची आहे, आणि ती पहिलीइतकीच कठीण आहे.